बी 2 नंतरचे फ्रेंच : सी 1 पातळीकडे जाणाऱ्यांसाठी

फ्रेंचची बी 2, म्हणजे सहा पातळ्यांतील चौथी, पातळी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याची अडचण काहीशी चमत्कारिक असते. व्याकरणातील जवळजवळ सर्व प्रकरणे त्याच्या नजरेखालून गेलेली असतात, वर्तमानपत्रातील बातमी त्याला समजते, फ्रेंच माणसाशी अर्धा तास गप्पाही मारता येतात. मात्र लिहायला बसल्यावर त्याची वाक्ये वर्षभरापूर्वी होती तशीच, आखूड आणि त्याच त्या पाचपन्नास क्रियापदांची असतात. याचे कारण नव्या माहितीचा अभाव हे नसून, वाचताना ओळखू येणारी भाषा आणि ऐनवेळी हाताशी येणारी भाषा यांत पडलेले अंतर हे आहे. सी 1 कडे जाण्याचे बहुतेक काम हे अंतर कमी करण्याचे आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत. लेखातील फ्रेंच शब्द उच्चाराच्या जवळ जातील अशा बेताने देवनागरीत दिले आहेत. त्यांचे मूळ लेखन कोशात पाहून घ्यावे.

पहिली पायरी : परीक्षा कशासाठी द्यायची ते ठरवणे

ए 1 पासून सी 2 पर्यंतच्या सहा पातळ्या युरोपीय परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक चौकटीतून आलेल्या आहेत. या चौकटीनुसार सी 1 पातळीवरील व्यक्तीला लांब आणि अवघड मजकूर, त्यातील अनुच्चारित अर्थासह, समजतो. शब्द शोधत फार न अडखळता बोलता येते. आणि गुंतागुंतीच्या विषयावर नीट बांधणी असलेला मजकूर लिहिता येतो. फ्रेंच शासनाच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने या पातळ्यांची प्रमाणपत्रे दिली जातात. बी 2 पर्यंतचे प्रमाणपत्र डेल्फ म्हणून आणि सी 1 व सी 2 चे डाल्फ म्हणून ओळखले जाते. प्रमाणपत्र एकदा मिळाले की ते आयुष्यभर ग्राह्य असते.

तयारी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी, कारण महाराष्ट्रातून फ्रेंच शिकणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात कॅनडा असतो. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या स्थलांतर प्रक्रियेत डेल्फ आणि डाल्फ चालत नाहीत. तेथे टीसीएफ कॅनडा किंवा टेफ कॅनडा यांपैकी एका चाचणीचे गुण लागतात आणि ते दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात. या चाचण्यांमध्ये उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. गुणांवरून पातळी काढली जाते, त्यामुळे तेथे वेगाने आणि अचूक उत्तरे देण्याच्या सरावाला महत्त्व येते. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवीचे शिक्षण घ्यायचे असेल तर सामान्यतः बी 2 पुरते, मात्र कायदा किंवा साहित्य यांसारख्या शब्दप्रधान विषयांसाठी सी 1 मागितले जाऊ शकते. अध्यापन, भाषांतर किंवा दुभाषाचे काम करू इच्छिणाऱ्याने डाल्फचाच विचार करावा. लेखाचा उरलेला भाग डाल्फ सी 1 समोर ठेवून लिहिला आहे. चाचणी वेगळी असली तरी ऐकणे, वाचणे आणि व्याकरण यांविषयीच्या सूचना तशाच लागू पडतात.

किती वेळ लागेल, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. बी 2 पासून सी 1 पर्यंत साधारण 200 ते 300 तासांचे अध्ययन लागते, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. नोकरी सांभाळून आठवड्याला 6 तास देणाऱ्याने म्हणून आठ महिने ते एक वर्ष हा काळ धरून चालावे. तीन महिन्यांत सी 1 करून देण्याच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष केलेले बरे.

दुसरी पायरी : बी 2 खरोखर पक्के आहे का ते पाहणे

वर्ग पूर्ण केल्याचा दाखला आणि प्रत्यक्ष पातळी यांत फरक असू शकतो. डेल्फ बी 2 ची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि लेखनाचा भाग शिक्षकाकडून तपासून घ्यावा. 100 पैकी 50 गुणांना परीक्षा उत्तीर्ण होता येते, परंतु सी 1 ची तयारी सुरू करायला 50 गुणांचे बी 2 अपुरे आहे. 70 च्या आसपास गुण पडत नसतील तर आधी दोन-तीन महिने तेथेच घालवावेत. महाराष्ट्र आणि गोव्यात मुंबई, पुणे व पणजी येथील आलियाँस फ्राँसेज, तसेच पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात असलेला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, ही शिकण्याची जुनी ठिकाणे आहेत. वरच्या पातळीवर विद्यार्थिसंख्या झपाट्याने घटत असल्यामुळे सी 1 चा वर्ग सोयीच्या वेळी मिळेलच याची खात्री धरू नये. बरेचसे काम स्वतः आखून करावे लागणार आहे, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी. शिक्षकाचा वेळ आणि त्याचे शुल्क लेखन तपासणे व तोंडी सराव या दोनच गोष्टींसाठी राखून ठेवावे.

तिसरी पायरी : एक विषय, दोन आठवडे

या पातळीवर सर्वाधिक वेळ वाया जातो तो विखुरलेल्या वाचनात. आज चित्रपटाचे परीक्षण, उद्या निवडणुकीची बातमी, परवा पाककृतीची चित्रफीत असे करत राहिल्यास प्रत्येक विषयातील दहाबारा शब्द दिसतात आणि विरून जातात, कारण ते पुन्हा भेटतच नाहीत. त्याऐवजी दोन आठवडे एकच विषय धरावा. घरून काम करण्याची पद्धत, शहरांतील घरांचा तुटवडा, शाळेतील मोबाइल फोन, वार्धक्य आणि त्याची काळजी, पर्यटनाचा शहरांवर पडणारा भार, मांसाहार आणि पर्यावरण असे समाजाशी संबंधित विषय परीक्षेत येतात आणि फ्रेंच माध्यमांतही त्यांवर भरपूर लिहिले जाते.

एका विषयावर तीन-चार लेख, दोन ध्वनिमुद्रित कार्यक्रम आणि शक्य असल्यास एखादी मुलाखत गोळा करावी. पहिल्या आठवड्यात केवळ ऐकावे व वाचावे. दुसऱ्या आठवड्यात त्याच सामग्रीवर एक लेखन आणि एक तोंडी सादरीकरण करावे. घरून काम करण्याविषयीचा तिसरा लेख वाचताना निम्मे शब्द ओळखीचे झालेले असतात, आणि एखादा शब्द तीन वेगवेगळ्या लेखकांच्या हाती कसा चालतो हे पाहिल्यावरच तो आपल्या वाक्यात धिटाईने घालता येतो. वर्षभरात असे वीस विषय होतात. लेखांची निवड करताना एकाच बाजूचे लेख घेऊ नयेत. ‘ल मोंद’ आणि ‘ल फिगारो’ या दोन फ्रेंच वर्तमानपत्रांनी एकाच प्रश्नावर घेतलेल्या भूमिका शेजारी ठेवल्या की परीक्षेत लागणारी तुलना करण्याची सवय आपोआप लागते.

चौथी पायरी : ऐकणे

परीक्षेत सुमारे 40 मिनिटांच्या श्रवण विभागात आठेक मिनिटांचे एक लांब ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात आणि रेडिओवरील छोटे तुकडे एकदाच. आरएफआय या फ्रेंच आंतरराष्ट्रीय नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे बातमीपत्र लिखित संहितेसह उपलब्ध असते. ते बी 2 साठी उत्तम असले तरी त्यावरच थांबलेला विद्यार्थी तेथेच राहतो. पुढे ‘फ्रान्स अँतेर’ आणि ‘फ्रान्स क्युल्त्युर’ या वाहिन्यांवरील चर्चा व मुलाखती ऐकाव्यात, कारण त्यांत लोक एकमेकांना तोडत, वाक्ये अर्धवट सोडत बोलतात आणि खरी परीक्षा तेथेच असते.

कानाला सवय व्हावी म्हणून पार्श्वभूमीला फ्रेंच लावून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग मर्यादित आहे, असे माझे मत आहे. त्यापेक्षा पुढील क्रम फलदायी ठरतो. संपूर्ण तुकडा एकदा न थांबता ऐकावा आणि वक्त्याचा मुख्य मुद्दा दोन वाक्यांत फ्रेंचमध्ये लिहावा. दुसऱ्यांदा ऐकताना उपमुद्दे आणि उदाहरणे टिपावीत. त्यानंतर सर्वांत अवघड वाटलेले एक मिनिट निवडून ते शब्दशः लिहून काढावे आणि संहिता मिळाल्यास ताडून पाहावे. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे. पण न समजलेले शब्द बहुधा माहितीतलेच निघतात, आणि ते ओळखू का आले नाहीत याचे उत्तर उच्चाराच्या जोडणीत सापडते. पुस्तकातील ‘झ न से पा’ प्रत्यक्ष बोलण्यात ‘शे पा’ एवढेच उरते, नकारातील पहिला ‘न’ बोलीभाषेत बहुतेक वेळा गळतो, आणि शब्दाच्या शेवटचे व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटते.

फ्रेंच केवळ पॅरिसची नाही, हेही या टप्प्यावर लक्षात घ्यावे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 70 व 90 या संख्यांसाठी फ्रान्सपेक्षा वेगळे, आणि खरे तर अधिक सरळ, शब्द आहेत. क्युबेकचे स्वर वेगळे आहेत. ‘टीव्ही 5 मोंद’वर निरनिराळ्या देशांतील फ्रेंच ऐकायला मिळते. कॅनडाला जाणाऱ्याने रेडिओ-कॅनडा ऐकण्यास शक्य तितक्या लवकर सुरुवात करावी.

पाचवी पायरी : वाचन आणि शब्दांची वही

लेख पहिल्यांदा कोश न उघडता वाचावा आणि लेखकाचे म्हणणे काय, तो कोणाला उत्तर देत आहे, हे आधी शोधावे. दुसऱ्या वाचनात वाक्यांना जोडणाऱ्या शब्दांखाली रेघ मारावी, कारण फ्रेंच वैचारिक गद्याचा सांगाडा त्यांनीच उभा राहतो. ‘सेर्त’ म्हणजे ‘मान्य आहे’, असे म्हणून लेखक प्रतिपक्षाला थोडी जागा देतो आणि पुढच्याच वाक्यात ती काढून घेतो. घाईने वाचणारा ती सवलत हेच लेखकाचे मत समजतो आणि परीक्षेत चुकीचे उत्तर देतो. ‘ऑर’ हा छोटासा शब्द युक्तिवादात नवा आणि निर्णायक मुद्दा आणतो. आपण ‘आता गंमत अशी की’ किंवा ‘वस्तुस्थिती मात्र अशी की’ म्हणतो, तसे त्याचे काम आहे. ‘आँ रव्हाँश’ आणि ‘तूतफ्वा’ हे दोन्ही विरोध दाखवतात, परंतु पहिला दोन बाजू समोरासमोर ठेवतो तर दुसरा आधीच्या विधानाला मर्यादा घालतो.

बातम्या वाचताना मराठी वाचकाला एक सोय आहे. ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते’ या वाक्यात आपले वार्ताहर खातरजमा न झालेल्या माहितीची जबाबदारी जशी टाळतात, तशी फ्रेंच पत्रकार क्रियापदाच्या संकेतार्थी रूपाने टाळतात : ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने’. याचा अर्थ ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’ असा लावणारे विद्यार्थी बी 2 नंतरही भेटतात. कथा-कादंबऱ्यांत येणारा साधा भूतकाळ केवळ ओळखता आला तरी पुरे. तो स्वतः वापरण्याची वेळ क्वचितच येते.

वहीत सुटे शब्द लिहू नयेत, शब्दांच्या जोड्या लिहाव्यात. आपल्यापैकी बहुतेकांनी फ्रेंच इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकलेले असते आणि वरच्या पातळीवरील चुकांचा मोठा वाटा तेथूनच येतो. प्रश्न विचारणे यासाठी ‘पोझे’ हे क्रियापद लागते, तरी इंग्रजीच्या वळणाने ‘दमांदे’ तोंडात येते. ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘सध्या’, ‘एव्हाँत्युएलमाँ’ म्हणजे ‘गरज पडल्यास, कदाचित’, आणि ‘आसिस्ते आ’ म्हणजे ‘हजर असणे’. या शब्दांची इंग्रजी भावंडे वेगळे अर्थ घेऊन बसलेली असल्यामुळे चूक होते आणि ती लक्षातही येत नाही. एका लेखातून पाच ते सात जोड्यांपेक्षा अधिक घेऊ नयेत. घेतलेल्या प्रत्येक जोडीचे एक स्वतःचे वाक्य त्याच दिवशी आणि दुसरे आठवड्याने लिहावे.

कोश एकभाषी वापरावा. ‘ल पती रोबेर’मध्ये शब्दाच्या सोबतीला येणारे इतर शब्द आणि त्याचा औपचारिक किंवा घरगुती दर्जा दिलेला असतो. ‘त्रेझोर द ला लाँग फ्राँसेझ’ हा प्रचंड कोश जाळ्यावर विनामूल्य पाहता येतो. मात्र त्याची शब्दसंपदा 1789 ते 1960 या काळातील आहे, त्यामुळे संगणकीय किंवा नव्या सामाजिक शब्दांसाठी तो उघडू नये.

सहावी पायरी : व्याकरणाची दुरुस्ती, मराठीच्या आधाराने

येथे मराठी भाषकाने इंग्रजी बाजूला सारून आपल्या भाषेकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण फ्रेंचमधील काही अवघड समजली जाणारी स्थळे मराठीतून अधिक लवकर उकलतात.

स्युब्झोंक्तीफ, म्हणजे इच्छा, गरज, शंका अशा ठिकाणी येणारे क्रियापदाचे रूप, हे त्यांतील पहिले. ‘तो येईल अशी आशा आहे’ आणि ‘त्याने यावे अशी इच्छा आहे’ ही दोन वाक्ये घ्यावीत. आशा व्यक्त करताना मराठीत भविष्यकाळ येतो आणि इच्छा व्यक्त करताना विध्यर्थ. फ्रेंचमध्येही ‘एस्पेरे’ या क्रियापदानंतर साधा भविष्यकाळ आणि ‘स्वेते’ या क्रियापदानंतर स्युब्झोंक्तीफ येतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद घोकावा लागतो, आपल्याला तो कानाने कळतो. ‘त्याने जाणे आवश्यक आहे’, ‘तिने बोलावे म्हणून’ अशा ठिकाणीही हा आधार मिळतो. ‘जरी तो आजारी असला तरी’ या रचनेतही आपण ‘आहे’ सोडून ‘असला’कडे वळतोच, आणि फ्रेंचमध्ये ‘ब्यँ क’ नंतर स्युब्झोंक्तीफ वापरतात. मात्र हा आधार सर्वत्र टिकत नाही. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ या वाक्यात मराठी क्रियापद भविष्यकाळातच राहते, तर फ्रेंचमध्ये ‘वाटत नाही’ या नकारामुळे स्युब्झोंक्तीफ येतो. अशी फसवी स्थळे वेगळ्या पानावर लिहून ठेवावीत. ‘आव्हाँ क’ म्हणजे ‘आधी’ यानंतर स्युब्झोंक्तीफ आणि ‘आप्रे क’ म्हणजे ‘नंतर’ यापुढे साधे रूप हा नियम तर फ्रेंच लोकही वारंवार मोडतात, तेव्हा बोलण्यात ती चूक झाली म्हणून खंत करण्याचे कारण नाही. लेखनात मात्र ती करू नये.

दुसरे स्थळ भूतकाळी धातुसाधिताचे. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ असे कर्माप्रमाणे क्रियापद बदलणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. फ्रेंचमध्ये ‘असणे’ नव्हे तर ‘जवळ असणे’ या अर्थाचे सहायक क्रियापद आले असता हाच बदल होतो, परंतु कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच. ‘चिठ्ठी’ या अर्थाचा फ्रेंच शब्दही स्त्रीलिंगी आहे : ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात धातुसाधित ‘एक्री’ राहते, ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ यात मात्र ते ‘एक्रीत’ होते आणि शेवटचा ‘त’ स्पष्ट ऐकू येतो. तोंडी परीक्षेत हा ‘त’ योग्य जागी उच्चारणारा उमेदवार परीक्षकांच्या नजरेत भरतो.

जेथे मराठीचा काहीच उपयोग नाही, तेथे अधिक घाम गाळावा लागतो. उपपदे आपल्याकडे नाहीत, त्यामुळे नकारानंतर आणि प्रमाणवाचक शब्दांनंतर उपपदाचे ‘द’ होणे सी 1 च्या लेखनातही चुकते. क्रियापदानंतर ‘आ’ येतो की ‘द’, याला पाठांतराशिवाय मार्ग नाही. म्हणूनच वहीत क्रियापद कधीही एकटे लिहू नये. ‘दों’, ‘ओकेल’ यांसारखी संबंधी सर्वनामे अशा शब्दयोगी अव्ययांवरच अवलंबून असल्यामुळे पाया कच्चा राहिला तर वरची इमारतही डळमळते.

उच्चारांविषयी थोडेच. ई म्हणत असताना जीभ न हलवता ओठ ऊसारखे गोल केले की फ्रेंच ‘यु’ मिळतो. तो न साधल्यास ‘वर’ या अर्थाचा ‘दस्यु’ आणि ‘खाली’ या अर्थाचा ‘दसू’ एकच होऊन बसतात. अनुनासिक स्वरांत मराठी माणूस अनुस्वाराचा न किंवा म पुरता उच्चारून टाकतो. कोकणी बोलणाऱ्यांना मात्र शुद्ध अनुनासिक स्वर घरचेच असल्यामुळे गोव्यातील विद्यार्थ्यांना हा भाग सोपा जातो. शब्दांची जोडणी कोठे निषिद्ध आहे हेही शिकावे : ‘नायक’ या शब्दाच्या अनेकवचनाचा उच्चार ‘ले एरो’ असा तोडून करायचा असतो, तो जोडला की ‘ले झेरो’ होतो आणि सारे नायक शून्यवत होतात.

सातवी पायरी : सँतेझ

सी 1 च्या लेखन विभागाला अडीच तास असतात आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे सँतेझ : एकूण सुमारे 1000 शब्दांच्या दोन-तीन लेखांचे 200 ते 240 शब्दांत एकत्रित सार. येथेच सर्वाधिक गुण जातात, आणि त्याला भाषेपेक्षा प्रकाराविषयीची गैरसमजूत कारणीभूत असते. शाळेत आपण सारांशलेखन केलेले असते, परंतु तेथे उतारा एकच असतो आणि त्याचाच क्रम पाळला तरी चालते. सँतेझमध्ये पहिल्या लेखाचा सारांश आणि त्याखाली दुसऱ्याचा, अशी जोड चालत नाही. सर्व लेखांतील मुद्दे सामाईक विषयाभोवती नव्याने लावावे लागतात. आपले मत किंवा बाहेरची माहिती घालण्यास मनाई असते. कळीचे शब्द घेता येतात, पण लेखातील वाक्ये जशीच्या तशी उचलता येत नाहीत.

सराव पुढीलप्रमाणे करावा. सर्व लेख वाचून झाल्यावर त्यांना जोडणारा एकच प्रश्न एका वाक्यात लिहावा. कागदावर प्रत्येक लेखासाठी एक स्तंभ आखून मुद्दे आपल्याच शब्दांत, वाक्य न करता टिपावेत. मग आडव्या दिशेने पाहावे : कोणत्या मुद्द्यावर लेखक सहमत आहेत, कोठे त्यांचे पटत नाही, एकाने काय सांगितले आहे जे दुसऱ्याने सोडले. या आडव्या ओळींमधूनच दोन किंवा तीन परिच्छेद तयार होतात. लिहायला लागल्यावर मूळ लेख पालथे घालून ठेवावेत, म्हणजे नकळत उचलेगिरी होत नाही.

शब्द वाचवण्याचे मुख्य साधन म्हणजे क्रियापदाचे नाम करणे. ‘भाव वाढले आणि त्यामुळे लोक नाराज झाले’ याऐवजी ‘भाववाढीमुळे पसरलेली नाराजी’ असे आपणही आटोपशीर लिहितो. फ्रेंचला तर ही रचना फार प्रिय आहे. दर आठवड्याला वर्तमानपत्रातील दहा वाक्ये घेऊन त्यांची अशी रूपांतरे करावीत. शब्द मोजण्याची रीतही आधीच माहीत असावी : दोन मोकळ्या जागांमधील सर्व काही एक शब्द धरला जातो, त्यामुळे लोपचिन्हाने जोडलेले दोन शब्द एकच मोजले जातात.

वेळेची विभागणी अशी ठेवावी की सँतेझसाठी सुमारे 80 मिनिटे, निबंधासाठी तासभर आणि शेवटची 10 मिनिटे केवळ लिंग, वचन आणि धातुसाधिते तपासण्यासाठी राहतील.

आठवी पायरी : युक्तिवादात्मक निबंध

दुसऱ्या भागात किमान 250 शब्दांचा निबंध त्याच विषयावर लिहायचा असतो, आणि तो बहुधा पत्राच्या किंवा लेखाच्या रूपात मागितला जातो. मराठी शाळेतील निबंधाची सवय येथे आड येते. सुभाषिताने आरंभ, प्रश्नार्थक वाक्यांची माळ आणि शेवटी आवाहन ही सजावट फ्रेंच परीक्षकाला नको असते. त्याला प्रस्तावनेत ‘प्रॉब्लेमातिक’, म्हणजे ज्याचे उत्तर शोधायचे तो नेमका प्रश्न, आणि त्यानंतर विवेचनाची दिशा सांगणारे वाक्य हवे असते. प्रत्येक परिच्छेदात एक विधान, त्याचे कारण आणि एक ठोस उदाहरण असावे. उदाहरण भारतातील असले तर उत्तमच. मुंबईतील लोकल गाड्यांची गर्दी किंवा मराठवाड्यातील पाणीटंचाई आपण जितक्या नेमकेपणाने मांडू शकतो तितका पॅरिसचा प्रश्न मांडू शकत नाही.

तपासून आलेल्या निबंधाचे काय करायचे, यावर प्रगती अवलंबून असते. चुका पाहून वही मिटून ठेवणारे पुढच्या महिन्यात त्याच चुका करतात. चुकांचे प्रकार पाडावेत, सर्वाधिक आढळलेला एकच प्रकार पुढील लेखनात लक्ष्य करावा आणि तोच निबंध चार-पाच दिवसांनी जुना मजकूर न पाहता पुन्हा लिहावा. संगणकीय शुद्धिसाधने वापरायला हरकत नाही, परंतु आधी स्वतः तपासल्यावर. साधनाने गुळगुळीत करून दिलेला परिच्छेद वाचून समाधान होते, हात मात्र तयार होत नाही.

नववी पायरी : एक्सपोझे

तोंडी परीक्षेत दिलेल्या लेखांच्या आधारे तयारीसाठी एक तास मिळतो. त्यानंतर साधारण अर्ध्या तासात उमेदवाराने आपले विवेचन, म्हणजेच एक्सपोझे, मांडायचे असते आणि परीक्षकांशी चर्चा करायची असते. हे विवेचन म्हणजे लेखांचा सारांश नव्हे. लेख केवळ इंधन आहेत, भूमिका उमेदवाराची असावी लागते. तयारीच्या तासात पूर्ण वाक्ये लिहिणारा उमेदवार पुढे ती वाचत बसतो आणि परीक्षकांच्या ते लगेच ध्यानात येते. कागदावर पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि मधले मुद्दे शब्दरूपात, एवढेच असावे.

घरी दर पंधरवड्याला एक विवेचन फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी ऐकावे. कोणता शब्द उगाच वारंवार येतो, वाक्य कोठे तुटते, इंग्रजी शब्द कोठे डोकावतो, हे ऐकल्याशिवाय पटत नाही. त्याच विवेचनाची दुसरी आवृत्ती लगेच मुद्रित केली तर ती आश्चर्य वाटावे इतकी सुधारते. चर्चेचा सराव एकट्याने होत नाही. त्यासाठी सहाध्यायी किंवा शिक्षक हवा, आणि त्याने मुद्दाम विरोधी बाजू घ्यावी. अडचणीचा प्रश्न आला असता वेळ मिळवण्यासाठी प्रश्न स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडणे हे फ्रेंचमध्ये सभ्यपणाचेच समजले जाते.

भाषेचा दर्जा सांभाळावा. चित्रफिती आणि मित्रांशी गप्पा यांतून शिकलेले ‘द्यु कू’ (‘मग, त्यामुळे’) यांसारखे बोलीतले शब्द प्रत्येक वाक्यात आल्यास औपचारिक सादरीकरण विसविशीत वाटते. परीक्षकांना ‘व्हू’ म्हणजे अहो-जाहो करावे, आणि भरात येऊन मध्येच ‘त्यु’वर घसरू नये.

दहावी पायरी : नोंदणी आणि त्यानंतर

डाल्फची सत्रे वर्षातून मोजकीच असतात आणि नोंदणी काही आठवडे आधी बंद होते, म्हणून जवळच्या केंद्राचे वेळापत्रक वर्षारंभीच पाहून घ्यावे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चार विभागांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 50 गुण लागतात, आणि कोणत्याही एका विभागात 5 पेक्षा कमी पडले तर एकूण गुण कितीही असले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. वाचन विभागाला 50 मिनिटे असतात. श्रवण, वाचन आणि लेखन मिळून चार तास होतात, तेव्हा शेवटच्या महिन्यात निदान दोनदा एका बैठकीत संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी. थकव्यामुळे अखेरच्या तासात होणाऱ्या चुका त्याशिवाय दिसत नाहीत. लेखन हातानेच करण्याचा सराव ठेवावा, स्वरचिन्हांसकट, कारण संगणक ती आपोआप घालून देत असल्यामुळे अनेकांच्या हातून ती सुटलेली असतात.

सी 1 झाल्यावर लगेच सी 2 कडे वळावे का, असे विचारले जाते. आधीची पातळी उत्तीर्ण असण्याची अट डाल्फला नाही, त्यामुळे नियमाने कोणतीही आडकाठी येत नाही. परंतु सी 2 मध्ये साडेतीन तासांत सुमारे 2000 शब्दांच्या लेखसंचावरून किमान 700 शब्दांचा मजकूर तयार करावा लागतो आणि त्यात शैलीही पाहिली जाते. ज्याला अध्यापन किंवा साहित्याचे भाषांतर करायचे आहे त्याने ती अवश्य द्यावी. इतरांनी तो वेळ आपापल्या व्यवसायातील फ्रेंच वाचण्यात घालवावा. अभियंत्याने तांत्रिक अहवाल आणि मानके वाचावीत, वकिलाने निकालपत्रे, आणि पर्यटन क्षेत्रातील माणसाने करारपत्रे व ग्राहकांच्या तक्रारी, कारण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या पुढ्यात येणारा कागद बहुधा यांपैकीच एक असतो.